गुढीपाडव्याला आमच्या वरच्या मजल्यावरची शांतता (रवांडाच्या मुलींबद्दल विचारायचं आहे)

कर्वेनगरकर | १२ एप्रिल २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी इथे वाचते जास्त, लिहिते कमी. पण गेले तीन दिवस मनात एक गोष्ट अडकून बसली आहे आणि घरात बोलायला कोणी नाही (ह्यांना सांगितलं तर 'तू कशाला पडतेस त्यात' एवढंच येईल).

आमच्या वरच्या मजल्यावर दोन वर्षांपासून रवांडाच्या दोन मुली भाड्याने राहतात. इथेच कॉलेजात शिकतात. एक तेवीस वर्षांची, दुसरी दोनेक वर्षांनी मोठी. भाडं वेळेवर, जिना स्वच्छ, रविवारी चर्च. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. रवांडा म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराच्या डाव्या अंगाला टिकलीएवढा देश, चहा आणि कॉफी, एवढंच मी मुलांना सांगत आले. १९९४ साली तिथे काय झालं हे तेव्हा पेपरात वाचलं असेलच, पण खरं सांगायचं तर लक्षात राहिलं नव्हतं.

या ७ तारखेपासून वरून गाणं नाही, फोनवरचं हसणं नाही. मला वाटलं परीक्षा असेल. ९ तारखेला पाडवा. सकाळी गल्लीतून शोभायात्रा गेली, ढोल-ताशे, पोरांच्या शिट्ट्या, नेहमीचंच. ती पुढे गेल्यावर मी श्रीखंड-पुरी घेऊन वर गेले. मोठीने दार अर्धवट उघडलं. धाकटी कपाट आणि भिंत यांच्या फटीत बसली होती. दोन्ही हात बरगड्यांवर, तोंड उघडं, श्वास लागत नव्हता. मी घाबरून खालच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, दमा नाही, छाती अगदी साफ आहे. मोठी तिच्या पाठीला पाठ लावून जमिनीवर बसून राहिली. अर्धा तास. एक शब्द बोलली नाही. मग हळूहळू श्वास लागला.

संध्याकाळी दोघी चहाला खाली आल्या. मोठीने सांगितलं की त्यांच्याकडे हा आठवडा नरसंहाराच्या स्मरणाचा असतो, यंदा तीस वर्षं झाली. आणि मी, बाई माणूस, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग तुम्ही दोघी कोण? हुतू की तुत्सी?" दोघींचे कप एकदमच बशीवर आले. धाकटी म्हणाली, "मॅडम, आम्ही रवांडन आहोत." आणि दोघी उठून वर गेल्या. तेव्हापासून जिन्यात भेटल्या की 'गुड मॉर्निंग', बस्स.

प्रश्न दोन. एक, जी मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती ती शिट्टी ऐकून अशी कशी कोसळते? दुसरा, मला आता शंका येते की एक या बाजूची आणि एक त्या बाजूची आहे. तसं असेल तर त्या एका खोलीत राहतात कशा? आणि मी माझ्या प्रश्नाचं काय करू? माफी मागू की गप्प बसू?

पंपवाला | १३ एप्रिल २०२४, पहाटे १:१५

ताई, धागा वाचला आणि झोप गेली. मी २००९ ते २०१८ किगालीत होतो, रवांडाच्या राजधानीत. मूळ तासगावचा. न्याबुगोगोच्या बसस्टँडपासून जवळ आमचं दुकान: शेतीचे पंप, पाइप, खोरी, विळे, कोयते. मालक गुजराती, माल आणि हिशेब माझ्याकडे.

आधी तुमच्या प्रश्नाचं. चुकलंच, पण मीही पहिल्याच महिन्यात तेच केलं होतं, आणि मी तर दुकानात सगळ्यांसमोर. हा प्रश्न तिकडे का चालत नाही ते सांगतो. हुतू आणि तुत्सी, या दोन्ही लोकांची भाषा एक, देव एक, टेकडी एक, खाणं एक. बेल्जियमच्या राज्यात १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जात छापली गेली आणि स्वातंत्र्यानंतरही ती तशीच छापत राहिले. १९९४ साली शंभर दिवस हुतू मारेकरी तुत्सींना शोधून मारत होते, रस्त्यारस्त्यावर नाकी लागली होती, तेव्हा तेच कार्ड बघून माणूस पुढे सोडायचा की बाजूला घ्यायचा ते ठरत होतं. म्हणजे तुमचा प्रश्न त्यांच्या कानाला नाक्यावरचा प्रश्न आहे. आता कार्डावर ते छापत नाहीत. आपण नवीन माणसाला 'पूर्ण नाव काय?' असं विचारतो तेव्हा नक्की काय विचारत असतो ते आपल्याला माहीत असतंच की. तसंच समजा, फक्त उत्तर चुकलं तर जीव जायचा.

आणि 'एक या बाजूची, एक त्या बाजूची' हे डोक्यातून काढा. किगालीत माणसं दोनच तऱ्हेची नसतात. १९५९ च्या मारामारीनंतर युगांडा, बुरुंडी, काँगोला पळालेले तुत्सी, त्यांची तिकडेच जन्मलेली मुलं १९९४ नंतर परत आली. युगांडात वाढलेली इंग्रजी बोलतात, रवांडातच राहिलेले फ्रेंच. शंभर दिवसांतून जिवंत सुटलेले वेगळे. ज्यांच्या घरातला कोणी मारणारा होता ते वेगळे. लपवणारे हुतू वेगळे, आणि लपवले म्हणून मारले गेलेले हुतूही आहेत. मिश्र लग्नातली मुलं तर दोन्हीकडून. तुमच्या दोघी यातल्या कुठल्याही असतील. कदाचित त्यांनाही एकमेकींचं सगळं माहीत नसेल.

आता माझ्या दुकानातलं सांगतो, म्हणजे 'एका खोलीत कशा' याचा अंदाज येईल.

आमची स्टोअरकीपर बुगेसेराची, न्तारामाच्या बाजूची. १९९४ साली अकरा वर्षांची. तिच्या गावची माणसं चर्चमध्ये गेली, कारण १९६० च्या दशकातल्या दंग्यांत चर्चमध्ये जीव वाचला होता. यावेळी तिथेच कापली. ती चर्चमध्ये गेली नाही, दलदलीत गेली. तिकडे पपायरस म्हणजे आपल्या लव्हाळ्याचं थोरलं भावंड, माणूस बुडेल एवढं उंच. मारणारे सकाळी यायचे, शिट्ट्या वाजवत, गाणी म्हणत, अंगाला केळीची पानं बांधून. दुपार कलली की घरी जायचे. त्या कामाला ते 'काम'च म्हणायचे. रेडिओवरसुद्धा तोच शब्द. ताई, तुमची शिट्टी इथून आली आहे. धाकटीने ती ऐकली नसेल, पण तिच्या आईने ऐकली असेल, आणि शिट्टी वाजल्यावर आईचा चेहरा कसा होतो ते मुलीने रांगत्या वयापासून पाहिलं असेल.

आमचा ड्रायव्हर हुतू, पलीकडच्या टेकडीवरचा. १९९४ साली आठ वर्षांचा. बाप गाचाचामध्ये दोषी ठरलेला कैदी. (गाचाचा म्हणजे गावपंचायतीची अदालत, २००५ ते २०१२ देशभर चालली, सुमारे बारा हजार ठिकाणी, आठवड्यातून एकदा झाडाखाली गवतावर बसून. १९ लाखांवर प्रकरणं निकालात काढली.) तो आणि स्टोअरकीपर बाई, दोघं चार वर्षं एकाच गाडीतून माल पोहोचवायला जायचे. मला काही माहीत नव्हतं. एकदा एप्रिलमध्ये मी ड्रायव्हरला सुट्टी का हवी म्हणून टोकलं, तर बाईच म्हणाल्या, "त्याला जाऊ द्या, त्याच्या बापाने आज जागा दाखवायची आहे." जागा म्हणजे प्रेतं कुठे टाकली ती. कबुली दिली, जागा दाखवली, तर शिक्षा कमी व्हायची. त्या खड्ड्यात तिचा थोरला भाऊ निघाला.

मी नंतर विचारलं, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? हो म्हणाली. मग त्याच्या गाडीत बसतेस कशी? माझ्याकडे बघून म्हणाली, "बॉस, बुगेसेरा चाळीस किलोमीटर आहे. चालत जाऊ?"

हे मी विनोद म्हणून सांगत नाही. चार वर्षांत मी जे पाहिलं होतं त्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला. आम्ही कोयते विकायचो. तिकडे कोयता घराघरात असतो, केळी कापायला, गवत काढायला. हा ड्रायव्हर पन्नास किलोचं पाइपाचं बंडल एकटा उचलायचा, पण कोयत्यांची पेटी कधी उचलायचा नाही, वॉचमनला हाक मारायचा. मला वाटायचं कामचुकार आहे. आणि बाई गिऱ्हाइकाला कोयता देताना आधी पेपरात गुंडाळायची, मग काउंटरवर आडवा ठेवायची, हातात कधी द्यायची नाही. मी तिला कागद वाया घालवते म्हणून बोललोही होतो. आजही आठवलं की लाज वाटते.

दोघांनी एकमेकांशी याबद्दल एक शब्द काढला नव्हता. तरी एक करार होता. कोणी कोणाच्या मागून चालायचं नाही, पेटी कोणी उचलायची, गाडीत रेडिओ कोणता लावायचा, सगळं ठरलेलं. न बोलता ठरलेलं. तुमच्या मोठीने पाठीला पाठ लावली ना, ते वाचून मला हेच आठवलं.

उरलेलं उद्या. इथे दीड वाजला.

स्पष्टवक्ता | १३ एप्रिल २०२४, सकाळी ८:०५

सगळं वाचलं. वाईट वाटलं. पण तीस वर्षं झाली हो. किगाली आज आफ्रिकेतलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणतात, प्लास्टिकबंदी त्यांनी २००८ ला केली, संसदेत निम्म्याहून जास्त बायका. देश पुढे गेला, मग दर एप्रिलला खपली काढायची कशाला? विसरायला शिकलं पाहिजे. आपल्याकडेही अमुक दंगल, तमुक दंगल...

(पुढचा भाग विषयाला सोडून असल्याने काढला आहे. – संपादक)

निळी शाई | १३ एप्रिल २०२४, सकाळी ११:३०

मी ठाण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. रवांडाला गेलेले नाही, पण अभ्यासात हा विषय होता म्हणून थोडं लिहिते.

कर्वेनगरकर ताई, तुम्ही पाहिलंत त्याला किन्यारवांडात, म्हणजे त्यांच्या भाषेत, शब्द आहे: इहाहामुका. फुप्फुसावरून आलेला. भीतीने श्वासच हरवणं. १९९४ नंतर बायका डॉक्टरकडे जाऊन 'मला मानसिक त्रास आहे' म्हणत नव्हत्या, 'श्वास लागत नाही' म्हणत होत्या. आपल्याकडच्या बायका 'छातीत धडधडतं', 'हातापायात वारं भरतं' म्हणतात, तसंच. एप्रिलच्या सभांमध्ये हे इतकं होतं की तिथे मदतनीस आणि स्ट्रेचर तयार ठेवतात. एकीने किंकाळी फोडली की दुसरी, मग तिसरी. आणि होय, कोसळणाऱ्यांत १९९४ नंतर जन्मलेली मुलंही असतात.

२०१८ साली तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने देशभर पाहणी केली. आघातानंतरच्या ताणविकाराचं (पीटीएसडी) प्रमाण सर्वसाधारण लोकांत ३.६ टक्के, आणि नरसंहारातून वाचलेल्यांत २७.९ टक्के. चोवीस वर्षांनंतरचा आकडा आहे हा. स्पष्टवक्ता, 'विसरायला शिका' हे गोळी लिहून देण्यासारखं नाही.

मुलांकडे ते कसं जातं? गर्भातून, जनुकांवरच्या खुणांतून जातं का यावर रवांडाच्या आयांचा अभ्यास झालाय, पण तो अगदी थोड्या बायकांवर आहे, व्हॉट्सअॅपवर फिरतो तेवढा भक्कम नाही. रोजच्या घरातून जातं ते जास्त उघड आहे. आई एका विशिष्ट रस्त्याने जात नाही. आजोळ नाही, मामा नाही, आणि का नाही ते कोणी सांगत नाही. मूल विचारणं सोडतं आणि अंदाज बांधायला लागतं. न सांगितलेल्या गोष्टीला शेंडा-बुडखा नसतो, म्हणून ती सांगितलेल्या गोष्टीहून मोठी होते.

पंपवाला यांनी गाचाचाबद्दल लिहिलं त्याला एक जोड. 'बोललं की मन हलकं होतं' हे आम्हा लोकांचं आवडतं वाक्य. स्वीडनच्या एका संशोधिकेनं तिथे सुमारे १,२०० जणांची पाहणी केली, तर गाचाचात साक्ष दिलेल्यांमध्ये नैराश्य आणि पीटीएसडी न दिलेल्यांपेक्षा जास्त निघालं. साक्षीदार बाई बोलायची आणि मग त्याच शेजाऱ्यांमधून एकटी घरी चालत जायची. रात्री दारावर दगड. बोलण्याने बरं वाटायला बोलून झाल्यावर सुरक्षित वाटावं लागतं.

एक वेगळी गोष्ट मला फार आवडते ती सांगते आणि थांबते. २००४ पासून तिथे रेडिओवर एक मालिका लागते, 'मुसेकेवेया', म्हणजे नवी पहाट. दोन टेकड्यांवरची दोन गावं, मध्ये वैर. हुतू-तुत्सी हे शब्द त्यात नाहीतच. ज्या रेडिओने माणसं मारायला लावली त्याच रेडिओवर ही. एलिझाबेथ लेव्ही पॅलक या मानसशास्त्रज्ञाने वर्षभर काही गटांना ती ऐकवली, काही गटांना आरोग्याची दुसरी मालिका. लोकांची मनातली मतं फारशी बदलली नाहीत! बदललं ते वेगळंच. शेवटी प्रत्येक गटाला एक टेपरेकॉर्डर आणि कॅसेट भेट दिल्या. आरोग्यवाल्यांत कोणी म्हणालं 'गावच्या अधिकाऱ्याकडे ठेवू', की बाकीचे बरं म्हणून मोकळे. मुसेकेवेयावाल्यांत कोणीतरी म्हणायचं, 'त्याच्याकडे का? सगळ्यांचा आहे.' मग वाद, मग वाटून घ्यायचं. ज्या देशात वरून हुकूम आला आणि शेजारी उठले, तिथे 'त्याच्याकडे का?' हा प्रश्न विचारता येणं ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

ताई, पुन्हा तसं झालं तर: प्रश्न नको, 'काही झालं नाही' नको. तिचे तळपाय जमिनीला टेकलेत का बघा, गार पाणी हातात द्या, खोलीतल्या वस्तू हळू आवाजात मोजायला सांगा. मोठी जे करत होती तेही उत्तमच. आणि कॉलेजात समुपदेशक असेल तर एकदा विचारून ठेवा, तिला न सांगता नव्हे, सांगून.

माजी फौजी | १३ एप्रिल २०२४, दुपारी ४:२०

राम राम. मी २००८ ला यूएनच्या निळ्या टोपीत काँगोत होतो, गोम्याला. आपली ब्रिगेड तिकडं उत्तर किवूत असायची. रवांडाची हद्द म्हणजे अक्षरशः गल्लीपलीकडं.

एवढंच सांगतो की हे प्रकरण हद्दीपाशी थांबलं नाही. जुलै ९४ मध्ये तुत्सींची फौज जिंकली तसे लाखो हुतू चार-पाच दिवसांत गोम्यात उतरले. बाया-पोरं होती, मारून आलेलेही होते, सगळे एकाच छावणीत. खाली ज्वालामुखीचा दगड, खड्डा खणता येईना, त्यात कॉलरा आला. हजारोंनी मेले. नंतर तिथूनच टोळ्या उभ्या राहिल्या, त्यांना मारायला इकडनं टोळ्या, ते आजवर चालू आहे.

आमचा दुभाषा काँगोतच जन्मलेला, त्याचा आजापण तिथलाच. पण मायबोली किन्यारवांडा आणि अंगकाठी उंच, सडपातळ, लोकांच्या डोक्यातल्या तुत्सीसारखी. बाजारात गेला की फक्त स्वाहिली बोलायचा. आईचा फोन आला की माझ्या जीपमध्ये येऊन काच वर करून बोलायचा. मी म्हणलं, आईशी बोलायला कशाला लपतोस? तर म्हणे, साहेब, माझं नाक बघून लोक आधीच अर्धं ठरवत्यात, उरलेलं भाषेनं ठरवू देऊ का?

पंपवाला | १३ एप्रिल २०२४, रात्री ११:५०

फौजीसाहेब, नाकाचं अगदी खरं. आमच्या दुकानात लोक नाकावर बोलायचे नाहीत, पण गिऱ्हाईक आत आलं की दोन सेकंद सगळ्यांची नजर तिथेच. मीही शिकलो, आणि पुढे ते विसरायला फार वेळ लागला. इथे पुण्याला सुटीवर आलो तरी बसमध्ये माणसांची नाकं बघायचो.

स्पष्टवक्ता, शहर स्वच्छ आहे यात वाद नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आठ ते अकरा सगळा देश रस्ता झाडतो, गवत काढतो, गटार उपसतो. उमुगांदा म्हणतात. मीही जायचो, दुकानं बंद असायची. त्यात आमच्या गल्लीतला एक म्हातारा कायम भिंतीला पाठ लावून गवत कापायचा. कोणाला वाटेल सावली शोधतोय. पण सावली दुसऱ्या बाजूला असायची.

आणि खपलीचं म्हणाल तर अडचण वेगळीच आहे. काहींची जखम एप्रिलमध्ये सगळ्या देशासमोर असते आणि काहींना ती दाखवायची सोयच नाही. हे मी जपून लिहितो, कारण दोन्ही बाजूंनी सारखंच झालं असं म्हणणारे लोक असतात, आणि ते खोटं आहे. जे झालं ते तुत्सींचं निर्दालन होतं, ठरवून, याद्या करून, शंभर दिवसांत आठ ते दहा लाख. १९९३ पासूनच देशात कोयत्यांची आयात वाढवली होती. आमच्या धंद्यात ही गोष्ट नवीन माणसाला कोणीतरी एकदा सांगतंच. पण त्याच ड्रायव्हरचा मामा, मामी आणि तीन पोरं १९९७ ला काँगोच्या जंगलात संपली, तेव्हा तिकडे शिरलेल्या फौजांच्या हातून. ती पोरं तर १९९४ ला मला वाटतं अंगावर पिणारी होती. त्यांच्यासाठी कुठला महिना नाही. नऊ वर्षांत एकदाच त्याने मला हे सांगितलं, न्यागाताऱ्याच्या रस्त्यावर, काचा वर करून. (सगळे काचाच वर करतात.) सांगून झाल्यावर म्हणाला, "मी रडलो तर लोक म्हणतील बापाचं झाकतोय." बापाची लाज आणि मामाचं दुःख एकाच पोटात, आणि एकाला दुसऱ्यामुळे तोंड नाही.

कायदाही कडक आहे. नरसंहाराची विचारसरणी पसरवणं हा गुन्हा. तो असायला हवा असं मला वाटतं, पण त्यामुळे साधा माणूस कुठली गोष्ट बोलावी याचा विचार करत करत शेवटी काहीच बोलत नाही, हेही पाहिलंय.

गाईची गोष्ट सांगायची राहिली. तिकडे २००६ पासून सरकारी योजना आहे, गिरिंका: गरीब घराला एक गाय. तिची पहिली पाडी मात्र शेजारच्या गरिबाला द्यायची. (२०१८ च्या जुलैत मोदी आले होते तेव्हा भारताकडून याच योजनेत २०० गाई दिल्या, रवेरू नावाच्या गावात. आम्हा भारतीयांना त्या आठवड्यात दुकानात फार मान.) त्यांच्यात गाय देणं म्हणजे सोयरीक जोडण्याएवढं. शब्दाचा अर्थच 'तुला गाय लाभो'. आणि १९९४ ला मारणाऱ्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर तुत्सींच्या गाई कापून खाल्ल्या. तर ड्रायव्हरच्या आईला गाय मिळाली, व्याली, पाडी झाली. यादीत पुढचं नाव आमच्या स्टोअरकीपरच्या मावशीचं. यादी करणाऱ्याने मुद्दाम केलं की सहज, देव जाणे.

मावशीने पाडी घेतली. गोठा बांधला. पाडी मोठी झाली, व्याली, दूध द्यायला लागली. मावशी ते दूध दीड वर्ष डेअरीला घालत होती, घरात एक थेंब घेतला नाही. मी विचारलं, आता तरी पिते का? स्टोअरकीपर म्हणाली, "चहात घालते. नुसतं नाही पीत." आणि हे सांगताना ती हसली. त्यांच्यात समोरच्याला पेय देताना आधी स्वतः घोट घ्यायची चाल आहे, विष नाही हे दाखवायला. नरसंहाराच्या आधीपासूनची. ड्रायव्हरच्या आईने त्या पहिल्या धारेचा घोट मावशीच्या अंगणात उभं राहून घेतला होता म्हणे. मावशीने भांडं घेतलं, आभार मानले आणि आत जाऊन सांडून दिलं. दोघींचंही मला पटतं.

कर्वेनगरकर ताई, तुमच्यासाठी एक अंदाज. तिथल्या कॉलेजांत नरसंहारातून वाचलेल्या घरांतल्या मुलांची संघटना १९९६ साली निघाली, एईआरजी. ती मुलं आपसात घरं बनवतात. वीस वर्षांची पोरगी 'आई' होते, बावीसचा 'बाप' होतो, बाकीची त्यांची लेकरं. कागदावर नाही, खरोखर: ताप आला तर ती 'आई' बसते, लग्नात तेच 'आईबाप' उभे राहतात. तुमच्या मोठीचं वागणं वाचून मला ते आठवलं. चूकही असेन.

माफी मागा, पण लांबण लावू नका. 'हुतू', 'तुत्सी' हे शब्द माफीतही आणू नका. 'कोमेरा' म्हणा. धीर धर, खंबीर हो, असा अर्थ. पुढे काही बोलायचं नसतं.

कर्वेनगरकर | १५ एप्रिल २०२४, संध्याकाळी ६:३०

पंपवाला, धाकटी मोठीला 'मामा' म्हणते, म्हणजे आई! दोन वर्षं ऐकतेय. मला वाटायचं मोठी फार शिस्त लावते म्हणून चिडवते. अंगावर काटा आला. तुमचा अंदाज बरोबर की नाही ते मी विचारणार नाही.

निळी शाई, तुमच्या सूचना कागदावर लिहून फ्रिजवर लावल्यात, मराठीत, म्हणजे त्यांना वाचता येणार नाहीत. कॉलेजात समुपदेशक आहे, नंबर मोठीला दिला. तिने लगेच सेव्ह केला, काही बोलली नाही.

माजी फौजी, तुमच्या दुभाष्याचं पुढे काय झालं हे विचारावंसं वाटतंय आणि वाटतही नाही.

काल गेले वर. मोकळ्या हाताने जायचं नाही म्हणून थालीपीठ नेलं आणि तिथेच पहिला घास मी खाल्ला. पंपवाला, तुमचं वाचून केलं हे, मुद्दाम. मोठीच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. मग मी म्हटलं, "कोमेरा."

धाकटी आतून आली. मला वाटलं आता रडते. तर म्हणाली, "मॅडम, 'र' असा नाही." आणि तीनदा म्हणून दाखवलं. मला अजून जमलेला नाही.

पंपवाला | १५ एप्रिल २०२४, रात्री १०:१०

मला नऊ वर्षांत जमला नाही, ताई. त्यांच्या 'र' मध्ये थोडा 'ल' असतो. थालीपीठ तिखट होतं का? तिकडचे लोक तिखट बेताचंच खातात, पिलिपिलीचे (त्यांच्या मिरचीच्या तेलाचे) थेंब सोडले तर.

कर्वेनगरकर | १५ एप्रिल २०२४, रात्री १०:२५

होतं तिखट. दोघींनी दह्याबरोबर खाल्लं. ताट मोठी घासून परत घेऊन आली, त्यात चार केळी होती.